मासे आणि फळबाग एकाच पाण्यावर : संच घेण्याआधी हिशोब बघा



खाली टाकीत मासे, वर पाइपात लालभडक स्ट्रॉबेरी, आणि मध्ये एक छोटा पंप. हा व्हिडिओ गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी आम्हाला पाठवला आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, आपल्याकडे जमेल का?" काहींच्या घरी संच विकणारे प्रतिनिधीही येऊन गेलेत. म्हणून आजचा संदेश याच विषयावर आहे. मोठा आहे, ठिबक चालू करून बांधावर बसाल तेव्हा सवडीने वाचा.

उत्तर आधीच सांगतो. यातलं शास्त्र खरं आहे, फसवणूक नाही. पण ज्याच्याकडे डाळिंब, पेरू, लिंबू, केळी किंवा पपईची बाग आहे आणि शेततळं आहे, त्याला हा महागडा संच लागत नाही. मासे आणि फळबाग एकाच पाण्यावर घेण्याची सोय त्याच्याकडे आधीच आहे. फक्त ती सांभाळायची कशी हे कळलं पाहिजे, नाहीतर एका फवारणीत तळं पांढरं होतं.

*ॲक्वापोनिक्स म्हणजे नेमकं काय?*

मासा खाद्य खातो आणि त्यातलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. अमोनिया माशाला विषारी. पण पाण्यात, खडीवर, पाइपाच्या आतल्या बाजूला जिवाणू वाढतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट झाडाला चालतं. झाड ते उचलतं, पाणी साफ होतं, परत माशाकडे जातं. एवढंच आहे. मासा, जिवाणू आणि झाड, तिघांचं एकमेकांवर चालतं. यातला मधला गडी दिसत नाही, म्हणून लोक त्याला विसरतात. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली, दुसऱ्या दिवशी मासे सोडले आणि तिसऱ्या दिवशी रोपं लावली, की पहिल्या पंधरवड्यात मासे मरतात. प्रतिनिधी हे सांगत नाही.

ही पद्धत नीट बसवली ती कॅरिबियन बेटांवरच्या व्हर्जिन आयलंड विद्यापीठात जेम्स रॅकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बेटावर गोडं पाणी कमी, म्हणून तेच तेच पाणी फिरवायचं. पण लक्षात घ्या, तिथे मासा होता टिलापिया आणि पिकं मुख्यतः लेट्यूस, तुळशीच्या जातीचं बेसिल अशी पाल्याची. पाल्याला नत्र लागतं आणि माशाच्या पाण्यात नत्रच जास्त असतं. फळाला पालाश लागतं, कॅल्शियम लागतं, लोह लागतं. माशाच्या खाद्यात ही तिन्ही झाडाच्या गरजेपेक्षा कमी असतात. म्हणून फळपीक घेतलं की पालाश आणि कॅल्शियम बाहेरून द्यावंच लागतं, आणि चिलेटेड लोह ठरावीक दिवसांनी टाकावं लागतं. "खत शून्य" हे वाक्य फळपिकाला लागू नाही.

*एका गुंठ्याचा हिशोब*

आता कागद-पेन घ्या. फळ देणाऱ्या पिकाला वाफ्याच्या दर चौरस मीटरमागे रोज ५० ते ८० ग्रॅम माशांचं खाद्य टाकावं लागतं, असं सर्वसाधारण प्रमाण धरतात. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. म्हणजे रोज ५ ते ८ किलो खाद्य. महिन्याला १५० ते २४० किलो. मासा रोज आपल्या वजनाच्या दीड टक्का खातो असं धरलं, तर हे खाद्य खायला टाकीत कायम ३३० ते ५३० किलो जिवंत मासा पाहिजे. हजार लिटरला २० किलो मासा ठेवला तर १७ ते २७ हजार लिटरच्या टाक्या. हे एका गुंठ्यासाठी, एकरासाठी नाही.

खडीचा वाफा एक फूट खोल लागतो. एका गुंठ्याला ३० घनमीटर, म्हणजे साडेदहा ब्रास खडी. आपल्याकडचा काळा दगड याला चांगला. चुनखडीची खडी मात्र चालत नाही, ती सामू वाढवत राहते. ओळखायची सोपी खूण: खडीवर लिंबू पिळा किंवा ॲसिडचे दोन थेंब टाका. फेस आला तर ती खडी नको.

आणि वीज. इतका दाट मासा असलेल्या टाकीत हवा बंद पडली तर मासे काही तास सोडा, कधी कधी अर्धा-पाऊण तासही काढत नाहीत. आपल्या शेतीच्या फीडरवर थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, तेही ठरलेल्या तासांपुरतीच. त्यामुळे सिंगल फेजवर चालणारा एरेटर आणि त्याच्या मागे इन्व्हर्टर किंवा जनरेटर, हा खर्च संचाच्या कोटेशनमध्ये आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसतो.

तरीही ज्याला करायचंच आहे त्याने एका गुंठ्याचाही नको, शंभर-दोनशे लिटरच्या टाकीचा घरचा संच एक वर्ष चालवून बघावा. शिकायला तो पुरतो. मिरची, टोमॅटो, काकडी त्यात चांगली येते. घरी थोडी भाजी मिळते आणि लाखाचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

*कोणती फळं यात बसतात, कोणती नाहीत*

स्ट्रॉबेरी व्हिडिओत दिसायला सगळ्यात छान. पण तिला सामू साडेपाच ते साडेसहा लागतो, तर जिवाणू सातच्या आसपास चांगले काम करतात. मधला साडेसहा-पावणेसात धरून दोघांनाही थोडं थोडं नाराज ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे स्ट्रॉबेरीला खारं पाणी अजिबात सोसत नाही आणि माशाच्या रोगावर लोक पहिला उपाय करतात तो मिठाचा. तिसरी अडचण थंडीची. स्ट्रॉबेरीला थंडी पाहिजे, आणि थंडीत पाणी गार झालं की रोहू, टिलापिया खाणं कमी करतात. म्हणजे जेव्हा झाडाला फळासाठी अन्न जास्त लागतं, नेमकं तेव्हाच मासा अन्न कमी सोडतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत स्ट्रॉबेरी पिकते, पण तिथे मासा सुस्त. आपल्याकडे मासा खूश, पण स्ट्रॉबेरीचे दिवस थोडेच.

केळी आणि पपई मात्र या पाण्यावर जोमाने वाढतात, कारण दोघी खादाड आणि दोघींना सतत ओल चालते. पपईला पाणी साचलेलं चालत नाही, बुंधा सडतो. म्हणून खडीचा वाफा भरून पुन्हा रिकामा होणारा पाहिजे.

डाळिंब, पेरू, लिंबू यांचं काय? इथे खरी गोम आहे. या झाडांचा बहार धरायला ताण द्यावा लागतो. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानगळ करायची, मग पाणी सोडायचं. फिरत्या पाण्याच्या संचात पाणी तोडता येत नाही, कारण तेच पाणी माशाकडून येतं आणि झाडाने साफ करून माशाकडे परत जातं. झाडाचं पाणी तोडलं तर टाकीतला अमोनिया वाढतो. बहार धरायचा की मासा जगवायचा, असा पेच पडतो. म्हणून डाळिंबवाल्याला कोणी फिरत्या पाण्याचा संच विकत असेल, तर त्याला एवढंच विचारा, "ताण कधी आणि कसा द्यायचा?" उत्तरावरून माणूस कळेल.

यावर तोडगा आहे. माशाचं पाणी आणि झाडाचं पाणी वेगळं ठेवायचं. माशाकडून झाडाकडे पाणी जाईल, झाडाकडून परत येणार नाही. पाहिजे तेव्हा द्यायचं, पाहिजे तेव्हा तोडायचं. आणि हे करायला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, कारण मासे सोडलेलं शेततळं आणि त्यावर चालणारं ठिबक म्हणजे हेच. चीनमध्ये पर्ल नदीच्या खोऱ्यात शेतकरी कित्येक पिढ्या असंच करत आले. तळ्यात मासे, तळ्याच्या रुंद बांधावर केळी, लिची किंवा तुती, आणि दरवर्षी तळ्याचा गाळ उपसून बांधावरच्या झाडांना.

*शेततळ्यात मासे : फायदा कशाचा?*

अपेक्षा आधी नीट ठरवूया. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, उतार एकास एक असं तळं धरा. काठोकाठ भरलं तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. वरचं क्षेत्र नऊ गुंठे. यात एरेटर नसताना कटला, रोहू, मृगळ मिळून ५०० ते ६०० बोटुकली सोडावी, त्यापेक्षा जास्त नको. पाऊण जगली आणि आठ महिन्यांत सरासरी अर्ध्या किलोची झाली, तर दोनशे किलोच्या आसपास मासा निघतो. त्याला साधारण ३०० किलो खाद्य लागतं.

आता "पाण्यातून खत मिळतं" याचा हिशोब. ३०० किलो खाद्यात २८ टक्के प्रथिनं धरली, तर नत्र होतं साडेतेरा किलोच्या जवळ. त्यातलं एक तृतीयांशपेक्षा थोडं जास्त माशाच्या अंगात बसतं आणि मासा विकला की बाजारात जातं. राहिलं ८ ते ९ किलो. म्हणजे १८-१९ किलो युरियातलं नत्र. ४५ किलोच्या पोत्याला २६६ रुपये ५० पैसे, मग तुम्हीच काढा किंमत. केळीला झाडाला २०० ग्रॅम नत्र लागतं, म्हणजे हे सगळं नत्र जेमतेम ४०-४५ झाडांना पुरेल. एकरात झाडं सतराशेच्या घरात असतात. शिवाय या नत्रातला बराच भाग गाळात बसतो, काही हवेत उडतो.

म्हणून "माशाच्या पाण्यामुळे खताचा डोस निम्मा करा" असं कोणी सांगितलं तर करू नका. खताचा डोस माती आणि पान-देठ परीक्षणावरच ठरवा. शेततळ्यातल्या माशाचा फायदा खताचा नाही, तर तेच पाणी दोनदा कामाला येण्याचा आहे. बागेसाठी साठवलेल्या पाण्यावर आठ महिन्यांत दोनशे किलो मासा, आणि मासा पाणी पीत नाही, संपवत नाही. मासा कुठे, किती दराने विकणार हे मात्र बोटुकली सोडण्याआधी ठरलेलं पाहिजे.

*पाण्याची ओढाताण*

पण इथे एक पेच आहे आणि तो आधी सांगितलेला बरा. माशाला उन्हाळ्यात किमान पाच फूट पाणी लागतं. त्यापेक्षा कमी झालं की पाणी तापतं, प्राणवायू घटतो, बगळे आणि पाणकावळे सहज मासा उचलतात. वर सांगितलेल्या तळ्यात पाच फूट पाणी ठेवायचं म्हणजे पावणेदहा लाख लिटर अडकलं. बागेला मिळालं सव्वाबारा लाख लिटर, त्यातूनही बाष्पीभवन जाणार. समजा डाळिंबाची एकरी ३०० झाडं आणि झाडाला रोज ३० लिटर, तर एकराला दिवसाचे ९ हजार लिटर. बारा लाख लिटर एका एकराला १३० दिवस पुरतील, दोन एकरांना ६५ दिवस.

यावर उपाय म्हणजे मासा कधी काढायचा हे बहाराकडे बघून ठरवायचं.

आंबे बहार धरत असाल तर पाण्याची खरी गरज फेब्रुवारीनंतर, फळ पोसताना. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली सोडून मार्चपर्यंत सगळा मासा काढायचा. एप्रिल-मे तळ्यातलं शेवटचं पाणीही बागेलाच. हस्त बहारवाल्यांना पाणी ऑक्टोबरपासूनच लागतं, त्यांचं तळं फेब्रुवारीत तळाला जातं, म्हणून जानेवारीपासूनच मोठे मासे निवडून काढायला लागा. मृग बहाराचं वेळापत्रक सगळ्यात सोपं, पावसाचं पाणी हाताशी असतं. पण त्याच काळात फवारण्या सगळ्यात जास्त, ते पुढे सांगतो. मासा अजून थोडा वाढू दे म्हणून एप्रिलपर्यंत थांबणारे शेवटी बाग आणि मासा दोन्हीला अर्धपोटी ठेवतात. बाग पंधरा वर्षांची आहे, मासा आठ महिन्यांचा. पाणी कमी पडलं तर मासा आधी विका.

*फवारणी : सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं*

हा भाग दोनदा वाचा आणि फवारणी करणाऱ्या माणसालाही वाचून दाखवा.

औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. तो माणूस आणि जनावरांना किती विषारी आहे यावरून ठरतो. माशाचा त्याच्याशी संबंध नाही. निळा किंवा हिरवा त्रिकोण बघून "हे सौम्य आहे" म्हणत तळ्याकाठी फवारू नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही औषधं माशाला अगदी थोड्या मात्रेत मारतात. क्लोरपायरीफॉस, फिप्रोनील आणि कोळीसाठी वापरतो ते अबामेक्टिन, हीही त्याच रांगेत. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा, माशांना धोका असल्याची सूचना तिथे लिहिलेली असते.

तांबं म्हणजे मोरचूद, बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराईड. हेही माशाला घातक. आणि डाळिंबात तेल्यासाठी पावसाळ्यात आपण हेच फवारतो, नेमकं त्याच वेळी तळ्यात बोटभर बोटुकली असते. तेल्याची फवारणी टाळा असं आम्ही म्हणणार नाही, बाग जाईल. पण तळ्याला लागून असलेल्या दोन-तीन ओळींत ब्लोअर लावू नका, तिथे हातपंपाने, तळ्याकडे पाठ करून, वारा तळ्याकडून बागेकडे वाहत असताना फवारा. पाऊस येणार असेल तर थांबा. तळ्याच्या काठाचा बांध उंच करा, म्हणजे बागेतून वाहणारं पाणी तळ्यात उतरणार नाही.

यापेक्षाही जास्त धोका दोन सवयींचा आहे. पहिली, ब्लोअरची टाकी भरायला पाइप थेट तळ्यात सोडणे. पंप बंद पडला की औषधाचं पाणी उलटं तळ्यात येतं. तळ्यातून आधी वेगळ्या ड्रममध्ये पाणी घ्या आणि टाकी ड्रममधून भरा. फवारणी झाल्यावर टाकी, नोझल, हातपाय तळ्यात धुणं कायमचं बंद करा. दुसरी सवय ठिबकातून खत सोडताना. व्हेंच्युरी चालू असताना लाईट गेली की खताचं पाणी, आणि ॲसिड सोडलं असेल तर ॲसिडही, मागे ओढलं जातं. पंपानंतर आणि व्हेंच्युरीच्या आधी चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजे. तो आहे का, आणि असला तर धरतो का, हे आजच बघा. एका व्हॉल्व्हच्या किमतीत वर्षाचा मासा वाचतो.

निंबोळी अर्क, नीम तेल "सेंद्रिय आहे" म्हणून तळ्याजवळ बिनधास्त वापरतात. तेही पाण्यात गेलं तर माशाला त्रास देतं. तळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकायचा सल्लाही गावात मिळेल. मासे असलेल्या तळ्यात तो ऐकू नका.

*रोजचं काम*

पहाटे तळ्यावर एक फेरी मारा. प्राणवायू पहाटेच सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ते भुकेले नाहीत, गुदमरतायत. त्या दिवशी खाद्य बंद. पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा. सलग ढगाळ वातावरण असेल तर खाद्य निम्म्यावर आणा. बोअरचं पाणी तळ्यात सोडतानाही ते हवेतून पडू द्या, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

आपल्या बोअरच्या पाण्याचा सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास. तिथे अमोनिया जास्त विषारी होतो. सात सामू असलेल्या पाण्याच्या तुलनेत आठ सामूला विषारी रूपातला अमोनिया साधारण दहापट असतो. म्हणून जास्त खाद्य टाकून मासा लवकर मोठा करायचा मोह नको. टाकलेलं खाद्य पंधरा-वीस मिनिटांत संपलं पाहिजे. तरंगतं खाद्य वापरलं तर ते दिसतं, बुडणारं असेल तर ट्रेमध्ये ठेवा. कागदाच्या तळ्यात तळाशी नैसर्गिक खाद्य कमी असतं, म्हणून तळाशी चरणारा मृगळ थोडा कमी आणि रोहू, कटला थोडे जास्त ठेवा. कागद टोचणार नाही अशा बेताने जाळं ओढा, खाली शिसाऐवजी दोराची जाड वळी लावतात ती चांगली.

ठिबकाचं म्हणाल तर माशांच्या तळ्यातल्या पाण्यात शेवाळ आणि बारीक घाण जास्त. नुसत्या स्क्रीन फिल्टरवर भागत नाही, सँड फिल्टर लागतोच, आणि त्याचं बॅकवॉश नेहमीपेक्षा लवकर लवकर करावं लागेल. सक्शनचा पाइप तळाला टेकवू नका. तो तरंगता ठेवून पृष्ठभागाखाली दोन-अडीच फुटांवरून पाणी घ्या. फुटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधा, नाहीतर बोटुकली थेट फिल्टरमध्ये सापडते. मासा काढल्यावर तळाचा गाळ मात्र वाया घालवू नका. मघाशी म्हटलेलं नत्र आणि स्फुरद त्यातच साठलंय. सुकवून, शेणखतात मिसळून केळी, पपईच्या बुंध्याशी द्या. कच्चं खायची फळं, विशेषतः स्ट्रॉबेरी, कोणी लावली असतील तर तळ्याचं पाणी फळाला लागता कामा नये. ठिबक मल्चिंगखालीच ठेवा.

*बीज कोणतं, कुठून*

थाई मागूर स्वस्तात मिळतो, वाढतो झपाट्याने, आणि त्याच्यावर बंदी आहे. दारात आणून कोणी दिला तरी घेऊ नका. कारवाई तुमच्यावर होईल, शिवाय पुरात तो ओढ्यात गेला तर तिथला देशी मासा संपवतो. गिफ्ट टिलापियाला परवानगी लागते, पंगसलाही नियम आहेत. हे दोन्ही घ्यायचे असतील तर आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. अनुदानाबद्दलही तिथेच, आणि काम सुरू करण्याआधी. आधी खर्च करून मग अर्ज केला तर बहुतेक योजनांत बसत नाही.

बोटुकली तीन-चार इंचांची घ्या, जिऱ्यासारखं बारीक बीज नको, ते पक्षी आणि बेडूकच खातात. पिशवी आली की तोंड उघडून ओतू नका. पंधरा-वीस मिनिटं पिशवी तळ्यात तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी पिशवीत घाला, मग बोटुकली आपण होऊन बाहेर जाऊ द्या. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी.

*एक गोष्ट माशांपेक्षा मोठी*

मासे सोडले की तळ्यावर फेऱ्या वाढतात. खाद्य टाकायला घरातली मुलं जातात. कागदाचं तळं म्हणजे घसरगुंडी, आत गेलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर येता येत नाही, हात कुठेच धरत नाही. त्यामुळे मासे सोडण्याआधी ही तीन कामं झालीच पाहिजेत: तळ्याला कुंपण आणि कुलूप लागणारं फाटक, चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर वरच्या खांबाला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला, आणि काठावर हवा भरलेली ट्यूब. मुलांना एकटं तळ्यावर पाठवू नका. जाळं ओढतानाही माणूस एकटा उतरू नये, काठावर दुसरा पाहिजेच. कुंपण आणि दोर नसलेल्या तळ्यासाठी कंपनी बोटुकलीची मागणी घेणार नाही. यावर काही सभासद नाराज होतील, होऊ द्या.

*मागणी कशी नोंदवायची*

आपल्या गटप्रमुखाकडे एवढी माहिती द्या: तळ्याची वरची लांबी-रुंदी आणि खोली, कागद कोणत्या वर्षी टाकला, सध्या पाणी किती फूट आहे, पाणी कुठून भरता, बागेत कोणतं पीक आणि कोणता बहार, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे की नाही. सोबत कुंपण आणि दोराचा फोटो. पाण्याचा सामू माहीत नसेल तर स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पाणी पहाटे भरून गटप्रमुखाकडे द्या, तपासून सांगू. सगळ्यांची मागणी एकत्र झाली की गाडी एकदाच येईल आणि वाहतूक वाटून जाईल. ज्यांच्या तळ्यात जुलैअखेर सहा फुटांपेक्षा कमी पाणी असेल त्यांनी पाणी चढेपर्यंत थांबावं.

घरचा छोटा ॲक्वापोनिक्स संच ज्यांनी आधीच बसवलाय, त्यांनी पिवळ्या पडलेल्या कोवळ्या पानाचा फोटो पाठवा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता आणि बहुतेक सामू साडेसातच्या वर गेलेला. फोटो बघून किती चिलेटेड लोह टाकायचं ते कळवू, तोपर्यंत दुकानातून आणून अंदाजाने काही टाकू नका.

आपला,
तांत्रिक सल्ला विभाग